ओकिनावात देवमासे पाहायला जाताना : सातारा-सांगलीकरांसाठी सगळी तयारी

आपल्याकडच्या ओळखीपाळखीच्या घरांत हल्ली कुणाचा मुलगा टोकियोत असतो, तर कुणाची मुलगी योकोहामाला. मग आई-बाबांचा जपान दौरा ठरतो आणि यादीही ठरलेलीच असते : फुजी, क्योतो, बुलेट ट्रेन, चेरीची फुलं. दौरा जानेवारी ते मार्चमध्ये होणार असेल, तर मी त्या यादीत ओकिनावाही घालायला सांगते. क्योतोतलं एखादं देऊळ कमी करा, चालेल. पण थंडीत ओकिनावाला जाऊन बोटीतून देवमासे न पाहता परत येऊ नका.

ही सहल महाग कॅमेऱ्याने किंवा महाग बोटीने साधत नाही. हाताशी किती सकाळी मोकळ्या ठेवल्यात आणि पोट लाटांवर किती धरतं, या दोनच गोष्टींवर ती अवलंबून असते. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या दोन गोष्टींबद्दलच आहे.

कुठे आणि कधी

ओकिनावा म्हणजे जपानच्या नैर्ऋत्येला, क्यूशू बेट आणि तैवान यांच्यामध्ये पसरलेल्या बेटांच्या माळेतलं मोठं बेट. नाहा हे तिथलं मुख्य शहर. अक्षांश साधारण आपल्या जयपूरच्या जवळपासचा, त्यामुळे हवा उपोष्ण. टोकियोत हाडं गोठत असतात, तेव्हा नाहात सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. नाहाच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर केरामा नावाची छोटी बेटं आहेत. मार्च २०१४ मध्ये त्यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देवमासे प्रामुख्याने इथे आणि मुख्य बेटाच्या आसपास दिसतात.

इथे येतात ते हंपबॅक जातीचे देवमासे. उन्हाळ्यात ते रशियाच्या कामचात्का आणि अलास्काच्या अल्युशियन बेटांकडच्या थंड समुद्रात खाऊन चरबी साठवतात आणि हिवाळ्यात जोडीदार शोधायला, पिल्लं घालायला इकडे येतात. इथल्या मुक्कामात ते जवळजवळ काही खात नाहीत. पूर्ण वाढलेला हंपबॅक १३ ते १५ मीटर लांब भरतो, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लांब, आणि वजन तीसेक टन. नुकतं जन्मलेलं पिल्लूच चार-साडेचार मीटरचं असतं.

डिसेंबरच्या शेवटी पहिले देवमासे दिसू लागतात, फेब्रुवारीत गर्दी असते, मार्चमध्ये पिल्लांसह माद्या जास्त दिसतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला हंगाम आटोपतो. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा. देवमासे भरपूर असतात आणि उत्तरेचा गार वाराही जरा नरमलेला असतो. चेरीसाठी मार्चअखेर टोकियो गाठायचं असेल, तर ओकिनावा आधी करून मग वर जा. उलट क्रमाने गेलात तर हंगाम हातचा जाईल.

"पण जपानी लोक देवमासे मारतात ना?" हा प्रश्न घरात कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्तही आहे. १९५० च्या दशकात ओकिनावाजवळ हंपबॅकची शिकार होत असे. उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकना १९६६ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं. जपानने २०१९ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, पण त्या यादीत हंपबॅक नाही. केरामातल्या झामामी गावात १९९१ पासून व्हेल वॉचिंग असोसिएशन आहे. जिवंत देवमाशावर गाव कमाई करतंय. तिकिटाचे पैसे तिथे जाणार असतील, तर मला तरी त्यात वावगं वाटत नाही.

जपानला जाण्याचा योगच नसेल तर श्रीलंकेतलं मिरिसा पाहा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे निळे देवमासे दिसतात आणि खर्च बराच कमी येतो. बोटीवरची तयारी मात्र हीच.

दिवसांचं गणित

भारतातून ओकिनावाला थेट विमान नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून नाहाला अडीच-तीन तास लागतात. मुलाकडे टोकियोत उतरून, चार दिवस विसावा घेऊन मग नाहाला जाणं वडीलधाऱ्यांना सोयीचं पडतं.

नाहात किमान तीन रात्री ठेवा, जमलं तर चार. बोट पहिल्याच पूर्ण सकाळी ठेवा. सगळे नेमकं उलटं करतात : आधी बाजार, मत्स्यालय, किल्ले आणि बोट शेवटच्या दिवशी. हिवाळ्यात तिथे उत्तरेचा वारा सुटला की बोटी रद्द होतात, कधी एक दिवस, कधी सलग दोन. बोट पहिल्या सकाळी असेल तर रद्द झाल्यावर दुसरी आणि तिसरी सकाळ हाताशी उरते. शेवटच्या दिवशी ठेवली आणि वारा सुटला, तर हॉटेलच्या खिडकीतून पांढरे फेस मोजत बसायचं. बोट दुपारी आणि परतीचं विमान संध्याकाळी, असंही करू नका. पोट ढवळलेलं असताना विमानतळावर रांगेत उभं राहणं ही शिक्षा आहे.

व्हिसा आधी काढावा लागतो, त्यासाठी महिना-दीड महिना हाताशी ठेवा. औषधांच्या बाबतीत जपान कडक आहे. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं घेऊन जाऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या एक महिना पुरतील इतक्याच घ्या, मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत असू द्या.

नाहातून की झामामीतून?

पहिला मार्ग नाहाचा. तोमारी बंदरातून किंवा जवळच्या धक्क्यांवरून सकाळी आणि दुपारी बोटी सुटतात आणि तीनेक तासांत परत आणतात. बऱ्याच ठिकाणी हॉटेलातून न्यायची-आणायची सोयही असते. विमानतळावरून निघणाऱ्या मोनोरेलचं मिएबाशी स्थानक तोमारीला जवळ आहे, तिथून चालत जाता येतं.

दुसरा मार्ग झामामीचा. तोमारीहून फेरीने झामामी बेटावर जायचं. वेगवान बोटीला तासभर लागतो, मोठ्या संथ फेरीला दोन तास. तिथून असोसिएशनच्या छोट्या बोटीतून देवमाशांकडे जायचं. झामामीत डोंगरावरच्या टेहळणीच्या जागेवरून माणसं दुर्बिणीने समुद्र न्याहाळतात आणि देवमासा दिसला की बोटींना वायरलेसवर सांगतात. त्यामुळे शोधाशोधीत वेळ कमी जातो, आणि देवमासेही गावापासून फार लांब नसतात.

तरुणांनी झामामीला जावं, शक्य झालं तर एक रात्र राहावं. आई-बाबा बरोबर असतील तर नाहाच बरं. कारण झामामीला जायला फेरी लागते, यायलाही लागते आणि लाटा वाढल्या की वेगवान बोट सगळ्यात आधी रद्द होते. बेटावर अडकलात आणि दुसऱ्या दिवशी टोकियोचं विमान असेल, तर मुलाला सुट्टीच्या दिवशीही ऑफिससारखे फोन करत बसावं लागेल.

बुकिंग करताना

माणशी साधारण ५,००० येनच्या आसपास खर्च येतो, म्हणजे सुमारे तीन हजार रुपये. येनाचा भाव बदलतो, आणि बोटीप्रमाणे दरही कमी-जास्त असतात. बुकिंग मुलाला करायला सांगा, पण पुढचे प्रश्न त्याच्याकडून नक्की विचारून घ्या.

देवमासा दिसला नाही तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवशी फुकट फेरी? दोन्ही प्रकार असतात. परत घरी निघालेल्या माणसाला फुकट फेरीचा काय उपयोग? शिवाय लांबून नुसता फवारा दिसला तरी "दिसला" असं धरलं जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं. हवामानामुळे बोट रद्द झाली तर सहसा पैसे घेत नाहीत. तुम्ही ऐनवेळी नाही म्हटलं तर मात्र कापतात.

बोट केवढी आहे? संडास आहे का? बसायला आत जागा आहे का? सत्तरीच्या माणसाला या तीन गोष्टी देवमाशाइतक्याच महत्त्वाच्या असतात. लहान वेगवान बोट लाटेवरून आपटत जाते. मणक्याचा, सायटिकाचा त्रास असलेल्यांनी मोठीच बोट घ्यावी. गरोदर बायकांना बहुतेक बोटी घेतच नाहीत. लहान मुलांसाठी वयाची अट असते, ती विचारून घ्या.

पाण्यात उतरून देवमाशांसोबत पोहण्याच्या सहलीही निघाल्या आहेत. कृष्णेच्या पुरात उड्या मारणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, तरी त्यांना सांगते, हे करू नका. पिल्लू घेऊन विश्रांती घेत असलेल्या मादीला त्याचा त्रास होतो, आणि तीस टनांच्या जनावराच्या शेपटीपुढे पोहणं येऊन काही उपयोग नाही.

कोकणात रंगीत तालीम

निघण्याच्या एक-दोन महिने आधी घरच्यांना घेऊन कोकणात जा. सातारा-कराडकरांनी कुंभार्ली घाट उतरून गुहागर-दापोली गाठावं, सांगलीकरांनी आंबा घाटातून रत्नागिरी किंवा खाली मालवण-तारकर्ली. तिथे सकाळची डॉल्फिन दाखवणारी बोट घ्या. एकाच सहलीत घाट आणि समुद्र दोन्ही होतात आणि कुणाला गाडी लागते, कुणाला बोट लागते, ते कळतं. दोन्ही एकच नव्हे. घाटात खिडकीशी डोकं टेकवून बसणारी माझी कराडची आत्या बोटीत अगदी ठणठणीत असते, आणि घाटात गाणी म्हणणारे काका पाण्यावर दहा मिनिटांत पिवळे पडतात.

गोळीही याच वेळी घेऊन बघा. आपल्याकडे प्रवासासाठी प्रोमेथाझिनची गोळी सर्रास घेतात. एव्होमिन म्हटलं की औषधाचा दुकानदार तीच देतो. तिने काहींना इतकी झोप येते की देवमासा शेजारून गेला तरी कळणार नाही. ते ओकिनावात कळण्यापेक्षा गुहागरात कळलेलं बरं. काचबिंदू, प्रोस्टेट, झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या चालू असलेले, आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

बोटीच्या दिवशी पोट कसं सांभाळायचं

आदल्या रात्री लवकर झोपा. दारू नको. ओकिनावाची आवामोरी चाखायची असेल तर बोट झाल्यावर चाखा.

गोळी बोट सुटण्याच्या निदान तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतही नाही. विसरलात तर तिथल्या औषधाच्या दुकानात "योइदोमे" मागा, प्रवासाची मळमळ थांबवणारी गोळी देतात.

उपाशीपोटी जाणं ही सगळ्यात मोठी चूक. पोटात काही नसलं की उलटी होणार नाही, हा समज खोटा आहे. रिकाम्या पोटी आम्ल खवळतं आणि हाल जास्त होतात. निघण्याआधी दीड-दोन तास कोरडं, साधं, थोडं खा : दशमी, खाकरा, टोस्ट, केळं. दुधाचा चहा, तळलेलं आणि तिखट टाळा. सांगलीचं भडंग बॅगेत असणारच, ते उतरल्यावर काढा. लसूण आणि तेलाचा वास बंद केबिनमध्ये पसरला तर शेजारचा जपानी माणूस काही बोलणार नाही, पण त्याचा चेहरा बोलेल.

सोबत काय असावं, तर आलेपाकाच्या वड्या. सातारा जिल्ह्यात आलं पिकतंच, कोरेगावकडचं कुणी ओळखीचं असेल तर घरचीच वडी मिळेल. मळमळीवर आल्याचा काही जणांना चांगला उपयोग होतो, आणि नाही झाला तरी तोंडाला चव येते. मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या मात्र भारतातून नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

बोटीवर मागच्या बाजूला किंवा मधोमध बसा. पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. तरुण मंडळी फोटोसाठी तिकडेच पळतात, पळू द्या. नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलवर आधीचा फोटो बघायला मान खाली घातली की संपलंच. डिझेलच्या धुरापासून दूर, वाऱ्यात उभं राहा. उलटी आलीच तर लाजू नका, पिशवी मागा. वाऱ्याच्या दिशेने तोंड करून कठड्यावर वाकू नका, पुढचं सांगायला नको.

लाटांचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा. जपानी हवामान खातं लाटेची उंची मीटरमध्ये देतं. दीड मीटर असेल तर निवांत जा. दोनच्या पुढे गेली की पोटाची परीक्षा. अडीचच्या वर असेल आणि बोट सुटत असली तरी आई-बाबांना नेऊ नका, मोकळी ठेवलेली दुसरी सकाळ याचसाठी असते.

कपडे

१७ अंश ऐकून कुणी स्वेटर घरी ठेवू नये. धावत्या बोटीवर वारा आणि तुषार मिळून महाबळेश्वरच्या जानेवारीइतकी थंडी वाजते. आत उबदार, वर पाणी न शिरणारं जाकीट, कानटोपी, न घसरणारे बूट. आईने साडीऐवजी सलवार-कमीज घालावी, ओल्या पायऱ्यांवर निऱ्या आवरत बसू नये. चष्म्याला दोरी, मोबाइलला मनगटाचा पट्टा.

देवमासा शोधायचा कसा

कप्तान दिशा घड्याळाने सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, मागे सहा, डावा नऊ. "दोन वाजता!" म्हटलं की मनगटाकडे बघू नका, उजवीकडे पुढे बघा. एवढं आई-बाबांना आधी समजावून ठेवा, कारण आरडाओरडा सुरू झाल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

आधी दिसतो फवारा. तो पाण्याचा नसतो, देवमाशाने सोडलेला श्वास असतो. हंपबॅकचा फवारा साधारण तीन मीटर उंच आणि झुडपासारखा पसरट असतो. ढगाळ हवेत गडद पाण्यावर तो चटकन दिसतो. उन्हात चकाकणाऱ्या लाटांमध्ये नजर चुकते, म्हणून सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा.

ओळीने काही श्वास घेऊन झाले की देवमासा पाठ कमानीसारखी वाकवतो. हा इशारा ओळखायला शिका. पाठ नेहमीपेक्षा उंच आली, मागचं कुबड दिसलं, की पुढच्या क्षणी शेपटी वर येणार. पाणी निथळत दोन्ही पंखे हळूहळू उचलले जातात, क्षणभर उभे राहतात आणि आवाज न करता आत जातात. कॅमेरा तेव्हा आधीच डोळ्याला असायला हवा. शेपटी दिसल्यावर खिशातून मोबाइल काढणाऱ्याच्या फोटोत नुसता समुद्र येतो.

शेपटी आत गेल्यावर पाण्यावर तेलकट दिसणारा, गुळगुळीत गोल डाग काही वेळ राहतो. शेपटीच्या हिसक्याने वर आलेलं पाणी लाटा दाबून टाकतं, म्हणून तसं दिसतं. आता दहा-वीस मिनिटं काही नाही. पाणी प्या, आलेपाक चघळा, जागा बदलायची तर आत्ता बदला. पिल्लू सोबत असेल तर एवढं थांबावं लागत नाही. त्याला दर काही मिनिटांनी श्वासाला वर यावंच लागतं, त्यामुळे आई खाली असली तरी पिल्लू वर दिसत राहतं.

नर गातात. १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी हंपबॅकचे आवाज ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे ते गाणं आहे, हे मांडलं. काही बोटी पाण्यात मायक्रोफोन सोडून ते ऐकवतात. बुकिंग करताना विचारून बघा, समुद्रावर देवमासा न दिसण्याच्या काळात याहून चांगला विरंगुळा नाही.

सगळ्यात दणदणीत प्रकार म्हणजे अख्खं धड पाण्याबाहेर झेपावणं. ते होईलच असं नाही, आणि होईल तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत असाल. पण एकदा झेप घेतलेला देवमासा बऱ्याचदा पुन्हा घेतो. पहिली हुकली म्हणून हळहळत बसू नका, त्याच दिशेला नजर लावून ठेवा.

"आणखी जवळ घ्या ना" असं कप्तानाला सांगू नका. ऑस्ट्रेलियात मोठ्या देवमाशापासून १०० मीटर आणि पिल्लू असेल तर ३०० मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. ओकिनावातही बोटवाले आपले नियम पाळतात. देवमासा आपणहून जवळ आला तर मात्र कप्तान शांत थांबतो, तेव्हा आपणही शांत राहावं.

दुर्बीण न्यायची तर सात किंवा आठ पटीची. दहा पटीची हलत्या बोटीवर नुसती थरथरते. कॅमेऱ्याला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा आणि सलग फोटो काढा. मोबाइल असेल तर सरळ व्हिडिओ घ्या, नंतर त्यातून चित्र निवडता येतं. आणि एखादा फवारा तरी नुसत्या डोळ्यांनी बघा.

बोट रद्द झाली तर

धक्क्यावर "केक्को" म्हटलं की समजावं, आज बोट नाही. लगेच तिथेच दुसऱ्या सकाळची जागा मागा, कारण रद्द झालेल्या सगळ्यांना तीच हवी असते. मग दिवस मोकळा. मोतोबूचं चुराउमी मत्स्यालय नाहाहून गाडीने दोनेक तासांवर आहे. तिथल्या भल्या मोठ्या टाकीत व्हेल शार्क पाहता येतात. नाव व्हेल असलं तरी तो मासाच आहे, हे नातवंडांना सांगा. जानेवारीअखेर गेलात तर मोतोबूच्या याए डोंगरावर आणि नाकिजिनच्या जुन्या किल्ल्यात गडद गुलाबी चेरी फुललेली मिळेल.

आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाने कोकुतो जरूर चाखावा. ओकिनावाच्या बेटांवरचा हा उसाचा गूळच. तिथलाही उसाचा हंगाम थंडीतलाच, आणि कराडचे बाबा ढेप हातात घेऊन रंगावरून बोलायला लागले की दुकानदार ऐकत राहतो. शाकाहाऱ्यांनी जरा जपून. कारल्याच्या भाजीतही डुकराचं मांस आणि अंडं असतं, आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये माशाचा अर्क. मुलाकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या आणि ती हॉटेलात दाखवा.

परतल्यावर

शेपटीच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो मिळाला असेल तर तो नुसता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून सोडू नका. प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीवरचे काळे-पांढरे ठसे वेगळे असतात आणि संशोधक त्यावरूनच एकेक जनावर ओळखतात. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर कुणालाही असा फोटो देता येतो. तो देवमासा त्यांच्या नोंदीत आधीपासून असेल तर याआधी कुठे दिसला होता ते कळतं, आणि पुढे कधी दिसला तरी कळवतात. त्यासाठी तारीख, वेळ आणि जागा लागते. मोबाइलचं लोकेशन बोटीवर चालू ठेवा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं असेल तर निघण्याआधी साडेतीन तास पुढे करून घ्या.